सीएमव्हीच्या आरएनएची लांबी : एकाच नमुन्याची दोन उत्तरे

तंबाखूच्या पानांतून शुद्ध केलेला एक विषाणू आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली साधारण 29 नॅनोमीटर व्यासाचे गोल कण दिसतात आणि अँटिसीरमशी होणारी प्रतिक्रिया कुकुंबर मोझॅक व्हायरसची, म्हणजे सीएमव्हीची आहे. कणांतून आरएनए काढून तो 1 टक्का साध्या ॲगारोज जेलवर चालवला आणि शेजारच्या खाचेत नेहमीचा दुपदरी डीएनए लेडर, म्हणजे ज्ञात लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, भरला. चार स्वच्छ पट्टे आले. लेडरवरून त्यांची लांबी वाचली तर 1900, 1700, 1200 आणि 550 अशी निघाली.

सीएमव्हीच्या एफएनवाय या नीट अभ्यासलेल्या वाणात आरएनए 1 ची लांबी 3357 न्यूक्लिओटाइड, आरएनए 2 ची 3050 आणि आरएनए 3 ची 2216 आहे. आरएनए 4 सुमारे 1030 चा. म्हणजे वाचलेले चारही आकडे निम्म्याच्या जवळपास. नमुन्यात मोठी तूट असलेला, म्हणजे आरएनएचा बराच भाग गळालेला, नवा वाण हाती लागला, असा निष्कर्ष इथे सहज निघतो. तो काढण्याआधी हाच आरएनए दीड टक्के जेलवर, कमी क्षाराच्या बफरमध्ये चालवला. पट्ट्यांची संख्या तीच राहिली, पण लेडरवरून वाचलेले आकडे बदलले. रेणूची लांबी जेल बदलल्याने बदलत नाही. तेव्हा पहिल्या जेलने मोजली ती लांबी नव्हेच.

(जेलवरची अंतरे आणि पट्ट्यांची वाचने ही मोजणीची रीत दिसावी म्हणून घेतलेली आहेत. प्रमाणकांच्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या ज्ञात रेणूंच्या, लांब्या मात्र प्रत्यक्ष नोंदलेल्या आहेत.)

साध्या जेलने काय मोजलं?

एकपदरी आरएनए पाण्यात सरळ पसरलेला नसतो. त्याचे जुळणारे भाग एकमेकांना धरतात, वेटोळी आणि फासे तयार होतात आणि अख्खा रेणू आटोपशीर गोळा होतो. सीएमव्हीच्या चारही आरएनएंच्या 3′ टोकाला ट्रान्सफर आरएनएसारखी घट्ट घडी असते, इतकी की त्या टोकाला टायरोसीन जोडता येतं. असा गोळा झालेला रेणू जेलच्या छिद्रांतून तेवढ्याच लांबीच्या ताठ दुपदरी डीएनएपेक्षा खूप वेगाने सरकतो, म्हणून लेडरवर तो छोटा दिसतो. घडी किती घट्ट बसते हे तापमान, क्षार आणि मॅग्नेशियमवर अवलंबून असल्यामुळे बफर बदलला की वेगही बदलतो.

वरचे आकडे खऱ्या लांब्यांच्या 53 ते 57 टक्के आहेत. एक गुणक लावून काम उरकावं असा मोह होतो. तो टाळावा, कारण हे प्रमाण प्रत्येक रेणूचं वेगळं असतं. जास्त घड्या असलेला छोटा रेणू कमी घड्यांच्या रेणूपेक्षा तुलनेने अधिक पुढे जातो. एका विषाणूवरून काढलेला गुणक दुसऱ्या विषाणूला, किंवा त्याच नमुन्यातल्या उपग्रह आरएनएला (सहायक विषाणूच्या आधारानेच वाढणाऱ्या छोट्या आरएनएला), लागू पडत नाही.

साधं जेल तरीही टाकून देऊ नये. आरएनए निघाला का, डीएनएची भेसळ आहे का, पट्टे किती, एवढं ते तासाभरात सांगतं. लांबीचा प्रश्न मात्र त्याला विचारू नये.

आरएनए काढताना

लांबीची मोजणी आरएनए काढण्याच्या टप्प्यावरच बिघडू शकते, म्हणून ही कृती नेमकी असावी. सीएमव्हीचं 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण 260 नॅनोमीटरला सुमारे 5 शोषण देतं आणि कणाच्या वजनात आरएनए सुमारे 18 टक्के असतो. अर्धा मिलिलिटर बफरमध्ये 1 मिलिग्रॅम विषाणू घेतला तर जास्तीत जास्त 180 मायक्रोग्रॅम आरएनए मिळेल. निम्म्याहून अधिक हाती आला तर काम नीट झालं असं समजावं.

विषाणूत ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू बांधून ठेवणारं रसायन) 5 मिलिमोलर होईल इतकं घालावं, मग एसडीएस हे डिटर्जंट 1 टक्क्यापर्यंत. सीएमव्हीचा कण प्रथिन आणि आरएनए यांच्या आपसांतल्या पकडीवर उभा असतो, त्यामुळे एसडीएसने तो लगेच उलगडतो. जास्त तापवण्याची गरज पडत नाही. तेवढ्याच आकारमानाचं फिनॉल-क्लोरोफॉर्म घालून पाच मिनिटं हलवावं आणि 10,000 जी वेगाला दहा मिनिटं फिरवावं. हे खोलीच्या तापमानालाच करायचं. बर्फात ठेवलं तर एसडीएसचे स्फटिक बसतात आणि थरांची सीमा कळेनाशी होते. दोन थरांमधला पांढरा पापुद्रा दिसेनासा होईपर्यंत पुन्हा फिनॉल, शेवटी एकदा नुसतं क्लोरोफॉर्म. वरच्या थरात एक दशांश भाग 3 मोलर सोडियम ॲसिटेट (पीएच 5.2) आणि अडीच पट इथेनॉल घालून उणे 20 अंशांना ठेवावं. मग 4 अंशांना वीस मिनिटं फिरवून गोळी 70 टक्के इथेनॉलने धुवावी. हे धुणं टाळू नये. उरलेलं मीठ पट्ट्याला मागे ओढतं आणि रेणू आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. गोळी करकरीत वाळवू नये, मग ती विरघळत नाही.

आरएनएचं प्रमाण काढताना 260 ला 1 शोषण म्हणजे 40 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. 260 आणि 280 चं गुणोत्तर 2 च्या आसपास आलं की प्रथिन गेलं. पण या गुणोत्तरावरून आरएनए अखंड आहे असं मानणारे बरेच असतात, आणि तिथे चूक होते. चुरा झालेला आरएनएही 2 च देतो.

उलगडलेल्या रेणूंचं जेल

या नमुन्यासाठी फॉर्माल्डिहाइड जेल निवडलं. 100 मिलिलिटर जेलला 1.2 ग्रॅम ॲगारोज 72 मिलिलिटर पाण्यात विरघळवून 60 अंशांपर्यंत निवू द्यावं, मग फ्यूम हूडखाली 10 मिलिलिटर दहापट मॉप्स बफर आणि 18 मिलिलिटर 37 टक्के फॉर्माल्डिहाइड मिसळून लगेच ओतावं. जेलमध्ये फॉर्माल्डिहाइड 2.2 मोलर होतं. दहापट बफर म्हणजे 200 मिलिमोलर मॉप्स पीएच 7.0, 50 मिलिमोलर सोडियम ॲसिटेट आणि 10 मिलिमोलर ईडीटीए. जुन्या फॉर्माल्डिहाइडमध्ये फॉर्मिक आम्ल साचतं. पीएच 4 च्या खाली गेलेली बाटली वापरू नये. फॉर्माल्डिहाइडची वाफ घातक आहे. ओतणं, थंड होणं आणि चालवणं हे सगळं हूडखालीच होऊ द्यावं.

नमुन्यासाठी 4 मायक्रोलिटरमध्ये 1 मायक्रोग्रॅम आरएनए, 2 मायक्रोलिटर दहापट मॉप्स, 4 मायक्रोलिटर फॉर्माल्डिहाइड आणि 10 मायक्रोलिटर आयनमुक्त फॉर्मामाइड घ्यावं. 65 अंशांना 15 मिनिटं ठेवून थेट बर्फात टाकावं आणि 2 मायक्रोलिटर रंगद्रव्य घालून भरावं. फॉर्मामाइड जोड्या मोडतं. फॉर्माल्डिहाइड बेसना चिकटून त्या पुन्हा जुळू देत नाही. दोन्ही लागतात. इथे ईडीटीए का महत्त्वाचं? मॅग्नेशियमच्या उपस्थितीत तापवलेला आरएनए आपोआप तुटतो. मग जेलवर दिसणारा चुरा विषाणूतला नसून आपल्याच ट्यूबमध्ये तयार झालेला असतो. प्रमाणकही त्याच ब्लॉकमध्ये, त्याच वेळी तापवावे.

इथिडियम हा आरएनए दिसण्यासाठीचा रंग नमुन्यात घालण्याची सवय सोयीची असली तरी मोजणीच्या जेलला ती टाळलेली बरी, कारण जास्त झालं तर ते वेग बदलतं. जेल चालवून झालं की पाण्यात दोनदा अर्धा तास भिजवून फॉर्माल्डिहाइड काढावं आणि मग रंगवावं. विजेचा दाब सेंटिमीटरला 4 व्होल्टच्या आसपास. घाई करून तो वाढवला तर मधल्या खाचा गरम होऊन पुढे पळतात, पट्ट्यांची रांग वाकते आणि कडेच्या खाचेतल्या प्रमाणकाशी मधल्या नमुन्याची तुलना फसते. म्हणून प्रमाणक नमुन्याच्या दोन्ही बाजूंना असावेत.

प्रमाणक एकपदरी आरएनएच हवेत. या प्रकरणात दोन विषाणूंचे आरएनए घेतले. ब्रोम मोझॅक व्हायरसचे चार, 3234, 2865, 2117 आणि 876 न्यूक्लिओटाइडचे. आणि टोबॅको मोझॅक व्हायरसचा, म्हणजे टीएमव्हीचा एक, 6395 चा. टीएमव्हीची ही लांबी 1982 मध्ये पूर्ण क्रम लावल्यावर निश्चित झाली. त्याआधीच्या भौतिक मोजण्यांतून आरएनएचं वजन सुमारे 20 लाख डाल्टन धरलं जात होतं. एका न्यूक्लिओटाइडचं सरासरी वजन 320.5 धरून 6395 ने गुणलं तर 20.5 लाख येतं. जुने आणि नवे आकडे इथे छान जुळतात. जुन्या शोधनिबंधांत सीएमव्हीच्या आरएनएंचे आकडे डाल्टनमध्येच सापडतात. 320.5 ने भागून ते न्यूक्लिओटाइडमध्ये आणता येतात, मात्र ते साध्या जेलवरून काढले की उलगडलेल्या, हे आधी पाहावं.

अंतरातून लांबीकडे

खाचेच्या पुढच्या कडेपासून पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजावं. जेलशेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि मोजणी फोटोवर करावी. मिलिमीटरमधली वाचनं अशी : 6395 साठी 26, 3234 साठी 44, 2865 साठी 48, 2117 साठी 57.5 आणि 876 साठी 86.

लांबीचा दहा पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि तो अंतरासमोर मांडायचा. 3234 चा लॉग 3.510, 876 चा 2.943. या दोन बिंदूंतून जाणारी रेघ 42 मिलिमीटरला 0.567 चढते, म्हणजे एका लॉगला सुमारे 74 मिलिमीटर. 2865 आणि 2117 चे बिंदू याच रेघेवर बसतात. या दोन लांब्यांच्या दरम्यान रेघ भरवशाची आहे.

नमुन्याचे पट्टे 43, 46, 56 आणि 81 मिलिमीटरला आहेत. पहिल्याचा लॉग 3.510 अधिक 1 भागिले 74, म्हणजे 3.5235, लांबी 3340. दुसरा 3040, तिसरा 2230, चौथा 1020. ही एफएनवायच्या लांब्यांच्या अगदी जवळची वाचनं आहेत. तूट असलेला वाण वगैरे काही नाही.

आता टीएमव्हीचं पाहू. त्याच रेघेवरून 6395 चा पट्टा 22 मिलिमीटरला असायला हवा. तो 26 ला आहे. मोठ्या रेणूंच्या टोकाला रेघ वाकून अधिक उभी व्हायला लागते, कारण छिद्रांच्या मानाने फार लांब झालेले रेणू लांबीच्या प्रमाणात मागे पडत नाहीत. हे लक्षात न घेता 6395 आणि 876 ही दोन टोकं जोडून रेघ ओढली, तर नमुन्याचा पहिला पट्टा 3640 वाचला जातो. 300 न्यूक्लिओटाइडची चूक, तीही दिसायला नेटक्या आलेखातून. तिला पकडण्याची सोय आलेखातच आहे. त्या रेघेवरून ब्रोम मोझॅकचा 3234 चा ओळखीचा पट्टा वाचून पाहावा. तो 3520 येतो. ओळखीचा रेणू चुकीचा वाचणाऱ्या रेघेवर अनोळखी रेणू वाचू नये. दरवेळी एक प्रमाणक रेघेबाहेर ठेवून त्याची लांबी काढून पाहावी, असा नियमच करावा. सॉफ्टवेअर वक्र आपोआप बसवून देत असेल तेव्हा तर हे हवंच.

अचूकतेबद्दल प्रामाणिक राहायचं तर या जेलवर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 3 टक्के. 3340 ला तो फरक 100 न्यूक्लिओटाइडचा, 1020 ला 30 चा. म्हणून 3338 असं लिहिणं चुकीचं आहे. 3340, 100 कमीअधिक, असं लिहावं. नमुन्याचा आरएनए 1 आणि ब्रोम मोझॅकचा आरएनए 1 यांच्यात एकाच मिलिमीटरचं अंतर आहे. ते खरंच वेगळे आहेत का, हे शेजारच्या खाचांवरून ठरत नाही. दोन्ही एकाच खाचेत मिसळून चालवावे. दोन पट्टे दिसले तर वेगळे.

पडताळा म्हणून तोच आरएनए ग्लायऑक्सलने उलगडूनही चालवला. 1 मोलर ग्लायऑक्सल, 50 टक्के डीएमएसओ, 10 मिलिमोलर सोडियम फॉस्फेट पीएच 7.0, 50 अंशांना एक तास. ग्लायऑक्सल पीएच 8 च्या वर सुटून जातं. म्हणून जेल पीएच 7 च्या फॉस्फेटमध्ये चालवतात आणि बफर सतत फिरवत ठेवतात, नाहीतर टाक्यांच्या टोकांना पीएच सरकतो. इथिडियम ग्लायऑक्सलशी रासायनिक क्रिया करतं, त्यामुळे ते या जेलमध्ये घालत नाहीत. दोन वेगळ्या रसायनांनी आलेली उत्तरं 3 टक्क्यांच्या आत जुळली, तर रेणू खरोखर उलगडले होते असं म्हणता येतं. न जुळल्यास ज्या जेलमध्ये आकडा लहान आला तिथे घडी शिल्लक राहिली असल्याचा संशय आधी घ्यावा.

अंधूक पट्टे

उलगडलेल्या जेलवर चार पट्ट्यांखेरीज 1800 च्या जागी एक फिकट पट्टा दिसला. विषाणूचा नवा घटक? पानांच्या रायबोसोममधला 18एस आरएनए सुमारे 1800 न्यूक्लिओटाइडचा असतो आणि 25एस सुमारे 3400 चा. हा दुसरा आकडा सीएमव्हीच्या आरएनए 1 ला जवळजवळ चिकटूनच आहे. म्हणजे शुद्धीकरणात रायबोसोम आले असतील तर 18एस वेगळा दिसतो, पण 25एस आरएनए 1 च्या पट्ट्यातच लपतो आणि त्याला जाड करतो. यावर उपाय एकच : निरोगी पानांवर शुद्धीकरणाची तीच कृती करून त्याचा आरएनए शेजारच्या खाचेत भरायचा. तिथे 1800 चा पट्टा आला तर प्रश्न मिटला. पानांचाच एकूण आरएनए प्रमाणक म्हणून वापरण्याची पद्धतही जपून वापरावी. क्लोरोप्लास्टच्या 23एस आरएनएत छुपी तूट (साखळीत आधीच पडलेला तडा) असते आणि उलगडल्यावर त्याचे तुकडे जास्तीचे पट्टे म्हणून दिसतात.

छुपी तूट विषाणूच्या आरएनएलाही होते. शुद्ध विषाणू बरेच दिवस साठवला आणि त्यात पानातलं आरएनेझ (आरएनए तोडणारं विकर) राहिलं, तर साखळी कुठेतरी तुटते, पण घडीतल्या जोड्या दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतात. साध्या जेलवर पट्टा खणखणीत दिसतो, उलगडला की आरएनए 1 आणि 2 फिके पडतात आणि खाली लांबट डाग पसरतो. मोठे रेणू आधी बळी पडतात, कारण लांब साखळीवर तुटण्याच्या जागा जास्त. अशा नमुन्यात आरएनए 4 चांगला दिसला तरी त्यावरून मोठ्यांबद्दल काही बोलू नये. ताजा विषाणू घेऊन पुन्हा आरएनए काढावा.

सर्वांत खाली, 117 मिलिमीटरजवळ, एक ठळक छोटा पट्टा होता. रेघ पुढे वाढवून वाचली तर 335 च्या आसपास. पण सर्वांत छोटा प्रमाणक 876 चा आहे, त्याच्या पलीकडचं वाचन म्हणजे अंदाज. हा पट्टा 5 टक्के पॉलीॲक्रिलामाइड आणि 8 मोलर युरियाच्या जेलवर, जेल 50 अंशांजवळ गरम ठेवून, पुन्हा मोजायचा. प्रमाणक म्हणून ज्ञात जागी कापलेल्या प्लाझ्मिडवरून टी7 पॉलिमरेझने केलेले 200 ते 500 न्यूक्लिओटाइडचे आरएनए घ्यायचे. जेल थंड राहिलं तर युरिया असूनही घट्ट घड्या टिकतात.

लांबी पक्की झाली तरी ओळख पक्की होत नाही. सीएमव्हीचे उपग्रह आरएनए 330 ते 405 न्यूक्लिओटाइडचे असतात. दुसऱ्या उपगटातल्या वाणांत कणांत बंद होणारा आरएनए 5 सुमारे 300 चा असतो. आणि मोठ्या आरएनएंचा तुटका तुकडाही त्याच जागी येऊ शकतो. इथे नॉर्दर्न ब्लॉट कामाचा : जेलवरचे पट्टे पडद्यावर उतरवून ठरावीक क्रमाला चिकटणारा खुणेचा तुकडा, म्हणजे प्रोब, लावायचा. चारही आरएनएंचा 3′ शेवट जवळपास सारखाच असतो, म्हणून त्या भागाचा प्रोब चारही पट्टे उजळवतो. आरएनए 5 हा आरएनए 2 आणि 3 च्या त्याच टोकापासून आलेला, तोही उजळतो. उपग्रह आरएनएचं सहायक विषाणूशी असं साम्य नसतं, तो कोराच राहतो. या नमुन्यात छोटा पट्टा कोरा राहिला. तो दुसऱ्या उपगटातला आरएनए 5 असेल ही शंका मिटली, आणि 3′ टोकाचा तुकडा हीही. मोठ्या रेणूच्या मधल्या भागाचा तुकडा असेल का, हे पाहायला मधल्या भागांचे प्रोब घ्यावे लागतात. तेही उजळले नाहीत. अशी खात्री करण्याचं कारण झाडावर दिसतं. 1977 मध्ये कॅपर आणि वॉटरवर्थ यांनी टोमॅटोची झाडं करपवून मारणारा आजार अशाच एका छोट्या आरएनएशी जोडला, तर इतर अनेक उपग्रह आरएनए लक्षणं उलट सौम्य करतात.

नोंदीत काय जावं

जीनोमची लांबी लिहिताना चारही पट्टे बेरजेत धरणं ही सर्रास होणारी चूक आहे. आरएनए 4 स्वतंत्र घटक नाही. तो आरएनए 3 वरूनच तयार होतो, कवच-प्रथिनासाठी. तेव्हा बेरीज 3340, 3040 आणि 2230 ची, म्हणजे सुमारे 8600. एफएनवायच्या 8623 शी ती जुळते. कणांत आरएनए 1 एकटा, आरएनए 2 एकटा आणि आरएनए 3 बहुधा 4 च्या सोबत बंद होतो. 2216 आणि 1030 ची बेरीज 3250 च्या जवळ, म्हणजे तिन्ही प्रकारच्या कणांत आरएनएचं ओझं सारखंच. मोजलेल्या लांब्या योग्य आहेत का याचा हा आणखी एक पडताळा, कारण सीएमव्हीचे कण घनतेने वेगळे होत नाहीत.

आता क्रम लावणं सोपं झालं आहे, आणि न्यूक्लिओटाइडपर्यंत अचूक लांबी तिथूनच मिळते, तीही टोकं रेस (टोकांचे क्रम वाढवून वाचण्याच्या) पद्धतीने स्वतंत्रपणे निश्चित केल्यावर. तरीही जेल लागतं. आरएनए 4 चा क्रम आरएनए 3 मध्ये तसाच दडलेला असल्यामुळे तो वेगळा रेणू म्हणून कणात आहे की नाही हे जोडलेल्या क्रमावरून कळत नाही, आणि कोणता रेणू किती प्रमाणात बंद झाला हेही कळत नाही. नोंदवहीत प्रत्येक लांबीपुढे जेलची टक्केवारी, उलगडण्याची पद्धत, प्रमाणकांची नावं आणि लांब्या, रेघ कोणत्या दोन लांब्यांच्या दरम्यान बसवली, आणि कमीअधिक किती, हे लिहावं. लेडरचा फक्त कंपनीचा क्रमांक लिहू नये. तो डीएनएचा होता की आरएनएचा, हे पुढे वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही.